मुखवट्याची शक्ती आणि तिची वेस

जालंधर हा समुद्राचा पुत्र. तिन्ही लोक जिंकल्यावर त्याच्या कानावर पार्वतीच्या रूपाची वार्ता गेली आणि त्याने राहूला दूत करून कैलासावर धाडले. अंगाला राख फासणाऱ्या जोग्याला अशी स्त्री शोभत नाही, ती माझ्या स्वाधीन कर, असा त्याचा निरोप होता. तो ऐकताच शिवाच्या भुवयांमधून गर्जना करत एक पुरुष बाहेर पडला. तोंड सिंहाचे, जीभ लवलवती, डोळ्यांत विजा, केस ताठ उभे आणि अंग मात्र हाडांना चिकटलेले, जन्मापासून उपाशी असावे तसे. तो राहूवर झेपावला. राहू घाबरून शिवालाच शरण गेला. दूताला मारायचे नसते, म्हणून शिवाने त्याला सोडवले. आता त्या पुरुषापुढे प्रश्न उरला: मग मी खाऊ काय? भूक तर पोट जाळते आहे. शिव म्हणाला, स्वतःचेच हातपाय खा. त्याने पाय खाल्ले, हात खाल्ले, धड खाल्ले. शेवटी उरले फक्त मुख.

शिव प्रसन्न झाला. त्याने या मुखाला कीर्तिमुख असे नाव दिले, आपल्या दारावर बसवले आणि सांगितले की जो तुला आधी वंदन करणार नाही, त्याची माझी पूजा व्यर्थ जाईल.

शिवपुराणातल्या रुद्रसंहितेच्या युद्धखंडात ही कथा आहे, स्कंदपुराणातही आहे. अद्भुत शक्तीच्या मुखाचा जन्म सांगणारी इतकी नेटकी कथा जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. हे मुख कुठून आले, त्याच्यात कोणती शक्ती आहे आणि ती कुठे चालते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिने दिली आहेत. जादूच्या मुखवट्याची कोणतीही कथा वाचताना हे तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. त्यातला तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण मुखवट्याच्या शक्तीला वेस असते. वेशीच्या आत ती राखण करते, वेस ओलांडली की तीच शक्ती गिळायला उठते.

आजच्या करमणुकीतल्या कथाही याच नियमाने चालतात. १९९४ च्या 'द मास्क' या इंग्रजी चित्रपटात बँकेतल्या एका भिडस्त कारकुनाला जुना लाकडी मुखवटा सापडतो. त्याचे नाते उत्तर युरोपातल्या लोकी या खोडकर देवाशी जोडलेले आहे आणि त्याची जादू फक्त रात्री चालते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००० साली आणलेल्या 'मेजोराज मास्क' या व्हिडिओ गेममधला मुखवटा एका प्राचीन जमातीने अघोरी विधींसाठी वापरलेला असतो. त्याच्या शक्तीची धास्ती घेऊन त्याच जमातीने तो कायमचा बंदिस्त केलेला असतो. तो चोरीला जाऊन भलत्याच्या तोंडावर चढतो आणि आकाशातला चंद्र पृथ्वीवर कोसळू लागतो. या दोन्ही कथा आपल्या मुलांना पाठ असतात. आपल्या दारातल्या, पालखीतल्या आणि कपाटातल्या मुखवट्यांच्या कथाही त्यांना तितक्याच ठाऊक असायला हव्यात.

दारातले मुख

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठपासून मंचर, घोडेगाव आणि पुढे जुन्नरपर्यंतचा मुलूख एका अंगाने सह्याद्रीला टेकलेला आहे. घाटमाथ्याला लागून भीमाशंकर आहे. कुकडी नदीच्या उगमाजवळ पूर गावी कुकडेश्वर आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला खिरेश्वरचा नागेश्वर ही जुनी दगडी शिवालये आहेत. अशा मंदिरात गेल्यावर आपले डोळे थेट गाभाऱ्याकडे धावतात. त्याआधी उंबऱ्याकडे पाहावे. शिलाहार-यादवांच्या काळातल्या मंदिरांत उंबऱ्याच्या मधोमध अर्धवर्तुळाकार दगड पुढे आलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मुख कोरलेले असते. वटारलेले डोळे, फुगलेले गाल, कपाळावर शिंगांसारखी वळणे, वरच्या जबड्यातले दात. खालचा जबडा बहुतेक वेळा नसतोच. ज्याने स्वतःला खाल्ले त्याचे खाणे हनुवटीपाशी येऊन थांबले, असे शिल्पकाराने त्यातून सुचवले आहे.

हेच मुख खांबांवर, शिखरावर आणि कमानीच्या माथ्यावरही दिसते. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या खांबांवर त्याच्या तोंडातून मोत्यांच्या माळा लोंबताना दिसतात. मंदिराच्या बाह्यांगावर अशी मुखे ओळीने कोरली की त्या थराला ग्रासपट्टी म्हणतात. घरच्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीमागे पितळेची किंवा चांदीची प्रभावळ असेल, तर तिच्या शेंड्यावर नीट पाहा. अनेकदा तिथेही हेच मुख असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी वेलबुट्टी उतरत आलेली असते. जे तोंड सगळे गिळते त्यातूनच माळा, वेली आणि मकर बाहेर पडतात. संहारातून निर्मिती होते हे तत्त्व कारागिरांनी एकही शब्द न लिहिता हजारो दगडांवर मांडून ठेवले.

भारतातून हे मुख समुद्रापार गेले. जावा बेटावरच्या बोरोबुदुर स्तूपाच्या कमानींवर ते काल या नावाने बसले आहे, म्हणजे सर्वांना गिळणारा काळ. बालीमध्ये बारोंग नावाचा रक्षक अंगावर चढवून कलावंत नाचतात. त्याच्या बाहेर आलेल्या डोळ्यांत आणि सुळ्यांत आपल्याला कीर्तिमुखाची ओळख पटते. त्याच्यासमोर रंगदा ही चेटकीण उभी राहते. दोघांची झुंज होते, पण कोणीच कायमचे हरत नाही. रंगदेचा मुखवटा एरवी देवळात कापडाखाली झाकून ठेवतात, कारण त्याने उघड्या डोळ्यांनी कधी आणि कुठे पाहायचे याचे नियम आहेत.

हाइनरिख झिमर या जर्मन अभ्यासकाने कीर्तिमुखाची कथा पाश्चात्त्य वाचकांना समजावून सांगितली. त्याच्या मृत्यूनंतर जोसेफ कॅम्पबेलने त्याची व्याख्याने संपादित करून १९४६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पुढे स्वतःही ही कथा अनेकदा सांगितली. जगणे हे दुसऱ्या जिवाला खाऊन चालते, त्या भीषण सत्यापुढे मान तुकवल्याशिवाय देवापर्यंत पोचता येत नाही, असा अर्थ कॅम्पबेलने काढला. तो खोल आहे. पण आपल्या उंबऱ्यावर उभे राहून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. शिवाने त्या भुकेला मारले नाही, हाकललेही नाही. तिला जागा दिली आणि काम दिले. गाभाऱ्यात नाही आणि रानातही नाही, नेमके दारात.

रागातून जन्मलेला राखणदार

हीच घडण भैरवाच्या कथेत आहे. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद पेटला. ब्रह्म्याच्या पाचव्या मुखाने शिवाची निंदा केली, तेव्हा शिवाच्या क्रोधातून कालभैरव प्रकटला आणि नखाने त्याने ते मुख खुडले. ब्रह्महत्येचे पातक लागले, कवटी हाताला चिकटली. ती घेऊन तो भिक्षा मागत भटकला आणि काशीत आल्यावर ती हातून गळून पडली. पुढे तोच काशीचा कोतवाल झाला. म्हणजे इथेही आधी आवरता न येणारा राग आहे, मग त्याचे फेडणे आहे आणि शेवटी पहाऱ्याचे काम आहे.

भैरवनाथ हे आपल्याकडे असंख्य गावांचे ग्रामदैवत आहे. जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला ते वेगळे सांगायला नको. चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात आणि पालखीत देवाचा पितळी किंवा चांदीचा मुखवटा ठेवून मिरवणूक निघते. मूळ मूर्ती किंवा तांदळा गाभाऱ्यातून हलत नाही. फिरतो तो मुखवटा. त्र्यंबकेश्वरालाही दर सोमवारी देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्तावर नेतात. देवाने जागा न सोडता लोकांत यायचे असेल, तर ते मुखवट्यानेच शक्य होते. शेंदराने माखलेल्या दगडाला डोळे, नाक, मिशा मिळतात आणि तो गावकऱ्यांच्या नजरेला नजर देतो. पालखीच्या वाटेवर ही नजर शिवेपर्यंत जाते, घरोघरी ओवाळून घेते आणि परत देवळात येते. पालखीचा मार्ग ठरलेला आणि मानकरी ठरलेले, कारण राखणदाराने कोणत्या वाटेने फिरायचे हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या नक्की केले आहे.

रात्री जागणारी सोंगे

मुखवटा प्रत्यक्ष माणसाच्या तोंडावर चढतो तो बोहाड्यात. जुन्नरच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की अकोले लागते, पुढे इगतपुरी, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, सुरगाणा आणि नाशिक जिल्ह्यातला दुसरा पेठ. या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली समाजांची वस्ती आहे. होळी झाली की पावसाळ्याआधीच्या मोकळ्या दिवसांत इथे बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगे नाचवण्याचा उत्सव, होतो. काही गावांत त्याला भोवाडा म्हणतात. तो एक रात्र चालतो, कुठे अनेक रात्री चालतो.

मुखवटे पांगारा, सावर, उंबर अशा लाकडांतून कोरलेले असतात किंवा कागदाच्या लगद्याचे थर चढवून केलेले असतात. गणपतीचे सोंग आधी येते, मग मोरावरची सरस्वती. त्यापुढे राम, लक्ष्मण, मारुती, रावण, नरसिंह, वेताळ, राक्षस अशी पुराणांतली आणि रानातली मंडळी एकामागून एक येतात. संबळ आणि पिपाणी प्रत्येक सोंगाची चाल बदलतात. गणपतीचे पाऊल मंद पडते, वेताळाचे अंगावर येते. पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुर यांची लढाई होते आणि असुर पडतो.

हे मुखवटे शक्तिमान का वाटतात, याची काही कारणे अगदी डोळ्यांनी तपासता येण्यासारखी आहेत. मुखवटा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे धडाचे आणि शिराचे प्रमाण बदलते आणि समोरची आकृती माणसाची वाटेनाशी होते. मशालीचा उजेड खालून किंवा बाजूने येतो आणि हलत राहतो, त्यामुळे भुवयांच्या आणि नाकाच्या सावल्या सरकतात आणि कोरीव चेहरा भाव बदलतो आहे असे दिसते. जपानच्या नो नाट्यातले नट हे तंत्र जाणीवपूर्वक वापरतात: मुखवटा किंचित वर केला की तो उजळतो, किंचित खाली झुकवला की त्यावर मळभ येते. बोहाड्यात तेच काम टेंभ्याच्या ज्योतीने होते. मुखवटा घालणाऱ्याला फटींतून जेमतेम समोरचे दिसते, स्वतःचा श्वास कानात घुमतो आणि मुखवट्याचे ओझे मानेवर येते. त्याला घाई करता येत नाही, ओळखीच्यांकडे पाहून हसता येत नाही. ताल आणि पावले एवढेच त्याच्या हाती उरते. अंगात देव आल्याचा अनुभव कलावंत सांगतात, तेव्हा या शारीरिक गोष्टी त्याला आधार देत असतात.

पण नुसता उजेड आणि आकार पुरत नाही. त्याला श्रद्धेच्या नियमांची जोड असते. सोंग घेण्याआधी मुखवट्याची पूजा होते. अनेक गावांत अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे, असे ठरलेले असते आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. सोंग घेतलेल्या माणसापुढे गावातली वडीलधारी माणसेही हात जोडतात, मग तो एरवी त्यांच्याच शेतावर राबणारा पोरगा का असेना. आणि राक्षसाच्या मुखवट्यालाही पूजा चुकत नाही. महिषासुर हरणार हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी त्याला मानाने बोलावल्याशिवाय देवीचा विजय होत नाही. उपाशी कीर्तिमुखाला दारात जागा देणारी जी बुद्धी, तीच इथे असुराला रात्रभराची जागा देते. सकाळी मुखवटे उतरतात आणि वर्षभरासाठी आपापल्या जागी जातात.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे पाहायला मिळतात. मुलांना ते अवश्य दाखवावेत. दाखवताना हेही सांगावे की भिंतीवर टांगलेला मुखवटा म्हणजे या कलेचा अर्धाच भाग. संबळ, रात्र, नाचणारा देह आणि हात जोडलेले गाव मिळून उरलेला अर्धा भाग होतो.

वेद चोरणारा काळा पाहुणा

कोकणात शिमग्याला खेळे येतात, त्यात संकासुर असतो. काळा वेश, डोके-तोंड झाकणारा काळा उंच टोप, त्यावर रंगवलेले डोळे, लोंबती पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा किंवा घंटांचा पट्टा आणि हातात मार द्यायला दोर किंवा छडी. त्याचे मूळ शंखासुरात आहे. त्याने वेद चोरून समुद्रात नेले, विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याला मारले आणि वेद परत आणले. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगातही हा संकासुर येतो.

कथेत तो ज्ञानाचा चोर, पण अंगणात मात्र त्याची वाट पाहिली जाते. लहान मुले त्याला पाहून पळतात आणि लगेच परत येतात. बायाबापड्या त्याला ओवाळतात, नवस बोलतात. मेलेल्या असुराचा मुखवटा आशीर्वाद द्यायला समर्थ कसा होतो? कारण त्याची कथा पूर्ण झालेली आहे. भगवंताच्या हातून मृत्यू आला आणि त्याचे वैर संपले. वैर संपल्यावर उरलेले बळ गाव दरवर्षी शिमग्याच्या दिवसांपुरते मागून घेते. आषाढात कोणी संकासुराचा वेश घालून दारात उभा राहिला, तर त्याला कोणी ओवाळणार नाही.

तीन दिवसांच्या माहेरवाशिणी

आता ज्या मुखवट्यांना आपण मुखवटे म्हणून मोजतच नाही, त्यांच्याकडे वळू. भाद्रपदात घरोघरी गौरी येतात. कुठे पितळी मुखवटे, कुठे शाडूचे, कुठे नुसते पाणवठ्यावरचे खडे किंवा तेरड्याची रोपे. यामागची कथा अशी सांगतात की असुरांच्या छळाने गांजलेल्या स्त्रिया महालक्ष्मी गौरीला शरण गेल्या आणि तिने असुरांचा संहार करून त्यांचे सौभाग्य राखले.

गौरीचे नियम बघा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि पुरणपोळीचा नैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. मुखवटे दारातून आत येतात ते पावलांच्या रांगोळीवरून. घर, स्वयंपाकघर, धान्याची कोठी अशा एकेक जागा त्यांना दाखवल्या जातात, समृद्धी आहे ना असे विचारले जाते, मग त्या उभ्या राहतात, साड्या नेसतात, दागिने घालतात. तिसऱ्या दिवशी अक्षता पडतात, मुखवटा किंचित हलवला जातो आणि देवी निघाली असे सगळे घर मानते. त्यानंतर तोच मुखवटा मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवला जातो. त्या क्षणी तो पितळेचा झालेला असतो. म्हणून घरातल्या सुना-मुली निर्धास्तपणे त्याला चिंच लावून घासतात, पुसतात आणि जपून ठेवतात.

जादूच्या मुखवट्याच्या अनेक कथांत तो उतरवणे हा सर्वांत अवघड प्रसंग असतो. नायकाला तो सोडवत नाही, मुखवटाच त्याला धरून ठेवतो. आपल्या बायकांनी ते काम दोन अक्षतांत बसवले आहे. शक्ती बोलवावी कशी हे जगातल्या पुष्कळ कथांनी सांगितले. ती परत पाठवावी कशी, हे इतक्या प्रेमाने फार थोड्यांनी शिकवले.

मुखवट्याच्या कथा लिहिणाऱ्यांसाठी

कीर्तिमुख दारात बसते, भैरव शिवेपर्यंत जातो, महिषासुराला पहाटेपर्यंतची मुदत, संकासुराला शिमगा आणि गौरीला तीन नक्षत्रे. या पाचही ठिकाणी शक्तीबरोबरच तिची हद्द जन्माला आली आहे. बळ जितके भयंकर, तितकी त्याची जागा नेमकी. जादूचा मुखवटा म्हणजे काय, याचे मराठी मुलखाने दिलेले उत्तर हेच आहे आणि त्यात मोठे शहाणपण आहे. राग, भूक, वैर, कामना या गोष्टी माणसातून आणि समाजातून पुसून टाकता येत नाहीत. त्यांना चेहरा द्यावा, नाव द्यावे, एक जागा आणि एक वेळ द्यावी आणि ती संपली की नमस्कार करून निरोप द्यावा.

मराठीत आज अद्भुतकथा लिहिणारे तरुण लेखक आहेत, चित्रकथा काढणारे आहेत, व्हिडिओ गेम घडवणारे आहेत. त्यांना मुखवट्याची गोष्ट सांगायची असेल तर लोकीकडे जाण्याची गरज नाही. स्वतःला खाऊन राखणदार झालेला जीव, कवटी चिकटलेल्या हाताने हिंडणारा देव, वेद पळवूनही दरवर्षी ओवाळून घेणारा असुर ही सगळी सामग्री घरची आहे. तिचे नियमही तयार आहेत आणि नियम मोडले तर काय होईल यातूनच कथा सुरू होते.

त्यासाठी आधी हे मुखवटे आपल्या नजरेसमोर राहायला हवेत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक ठिकाणी जुन्या उंबऱ्यांवर फरशा बसतात, कोरीव मुखांवर ऑइलपेंटचे थर चढतात आणि कीर्तिमुख झाकले जाते. तसे करण्याआधी गावाने आणि विश्वस्तांनी एकदा थांबून विचारावे की आपल्या दारातला पहारेकरी कोण आहे. बोहाड्याचे मानकरी आज जे सांगू शकतात ते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावे. शाळांनी यात्रेच्या दिवसांत मुलांना पालखीतल्या मुखवट्याची कथा विचारून लिहून आणायला सांगावी, आजी-आजोबांच्या शब्दांत, जशीच्या तशी. एकेका गावाने एवढे केले तरी पुढच्या पिढीच्या कल्पनेला लागणारे बळ इथेच, आपल्या वेशीच्या आत मिळेल.